बटाट्यावर उगवलेली साक्ष

आमच्या घरात बटाटा शिजतो. मुलं खातात, सुना खातात, आलागेला खातो. मी खात नाही. माझी आईसुद्धा शेवटपर्यंत खात नव्हती. धाकटी सून विचारते, "मामा, वातूळ म्हणून नको म्हणता का?" मी मान हलवतो, कारण खरं सांगायला बसलो तर तिची चूल विझायची. आता लिहायला बसलोच आहे तर सांगून टाकतो. शाळा मी दुसरीपर्यंत शिकलो, तीही पडवीच्या खाली बसून, तेव्हा माझं शुद्धलेखन कुणी तपासू नये. गोष्ट मात्र खुशाल तपासावी. मी ती स्वतः बघितली आहे, आणि ज्या उजव्या डोळ्यानं बघितली तो डोळा अजून दोरा ओवतो.

आमचं गाव नागावच्या पुढे, खाडीच्या तोंडाला. एका अंगाला भातखाचरं, दुसऱ्या अंगाला नारळ-पोफळीच्या वाड्या. प्रत्येक वाडीत विहीर, विहिरीवर रहाट आणि रहाटाला रेडा. रेडा गोल गोल फिरतो, गाडगी भरून वर येतात, पाणी पाटानं माडांच्या आळ्यात जातं. आळं म्हणजे माडाच्या बुंध्याभोवती मातीचं वाटोळं. चैत्र-वैशाखात सगळं रान वाळून चुरा होतं, तेव्हा हिरवं गवत म्हणून जे काही असतं ते त्या आळ्यांत. मालक लोक ते कापून रहाटाच्या रेड्याला घालायचे. कष्टाचं जनावर, त्याला लाडाचा घास.

आम्ही महार. वस्ती गावाबाहेर. गावात जनावर मेलं की ते ओढून न्यायचं, सोलायचं, हे काम बापजाद्यांपासून आमच्याकडे, आणि ते मांस आमच्या चुलीवर शिजायचं. मी हे लपवत नाही. लाज वाटायचीच तर ज्यांनी ते काम आमच्या गळ्यात बांधलं त्यांना वाटावी. महाडच्या तळ्यावर आमची माणसं जमली, त्या पाण्याला हात लावून आली, त्यांत माझा थोरला भाऊ होता. त्याला आम्ही दादा म्हणायचो. बाप आधीच गेला होता, म्हणून घरात दादाचा शब्द शेवटचा. परत आल्या आल्या त्यानं सगळी वस्ती किनाऱ्यावर नेली आणि म्हणाला, "आजपासून मेल्या ढोराला हात लावायचा न्हाय. वढायचं न्हाय, सोलायचं न्हाय, खायाचं न्हाय."

म्हातारे कुरकुरले. "मग खायाचं काय, तुझं भाषण?" असंही एकजण बोलला. पण शेवटी सगळ्यांनी ओंजळीत समुद्राचं पाणी घेतलं आणि शपथ घेतली. मीही घेतली. तेव्हा मी लग्नाला आलेला गडी होतो.

त्याच पावसाळ्यात एका वाडीच्या मालकांचा ढवळा बैल मेला. सकाळी चरत होता, दुपारी आडवा. आम्हाला बोलावणं आलं. दादा गेला, त्याच्यामागे मी.

"घ्या रे, ओढा," मालक ओटीवरून म्हणाले.

"जमायचं न्हाय, मालक."

"जमायचं नाही म्हणजे? नवीन काय काढलंत?"

"नवीनच काढलंय. तुमचं ढोर तुमीच पुरा. आज ह्यो मेला, उद्या दुसरा मरंल. तवाबी तुमीच पुराल."

मालक लालबुंद झाले. पान थुंकून आत गेले. दादाचं ते शेवटचं वाक्य मात्र त्यांनी जपून ठेवलं.

पुढच्या वैशाखात त्यांचा रहाटाचा रेडा चालता चालता थांबला, थरथरला आणि बसला तो उठलाच नाही. नाकातून काळं रक्त आलं, डांबरासारखं. पोट नगाऱ्यासारखं फुगलं. आठवडा गेला नाही तोच त्यांचा दुसरा रेडा तसाच गेला. गावात एकच शब्द फिरायला लागला: सोमल. उंदरांना घालतात ते विष. महारांनी गुळात घालून चारलं म्हणे. आणि मालकांना दादाचं वाक्य आठवलं: उद्या दुसरा मरेल.

फौजदार आला आणि दादाला घेऊन गेला. पुरावा काय, तर ते वाक्य.

आईनं दोन दिवस चूल पेटवली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी आणि सुकटाची चटणी फडक्यात बांधून माझ्या हातात दिली. तालुक्याच्या कोठडीत मी दादाला भेटलो. गजाच्या पलीकडे तो उकिडवा बसला होता. गालावर सूज होती. 

"दादा, सोमल घातलं म्हनतात. विष देनाऱ्याला काळं पानी दावतात, म्हनं."

"दावूदे. मी घातलं न्हाय, हे तुला ठावं हाय ना?"

"ठावं हाय."

"मग ऐक. आता कुनीतरी तुला म्हनंल, ढोराला हात लाव, तुझ्या दादाला सोडवतो. लावू नको. मी हितं कुजलो तरी चालंल, पर तू हात लावलास तर मी कुजलो ते फुकाट."

मी भाकरी दिली आणि परत आलो. आईला एवढंच सांगितलं की दादा जेवला.

ढोरं अशी पटापट मरतात म्हटल्यावर मुंबईहून सरकारनं गुरांचा डॉक्टर धाडला. मांडव्याला बोटीतून उतरला आणि बैलगाडीत बसून आला. अंगानं काटकुळा, डोक्यावर हॅट, पण सदऱ्याच्या आत जानव्याची रेघ दिसत होती. त्याच्याबरोबर एक लाकडी पेटी होती, ती तो मांडीवरून खाली ठेवत नव्हता, आणि एक वेताचा पिंजरा. पिंजऱ्यात बिनशेपटीचे उंदीर, मांजराच्या पिल्लाएवढे, गुबगुबीत. बघायला सगळं गाव लोटलं. डॉक्टर म्हणाला, त्यांना गिनीपिग म्हणतात. आई म्हणाली, "म्हनू दे. पर मुंबैत उंदीर जास्ती झाले म्हून हितं आनले का, हितले कमी पडले म्हून तितनं आनले?"

तो आला त्याच सकाळी मालकांचा तिसरा रेडा मेला होता. अजून गरम होता. फौजदारही हजर. दादा आत असताना हा मेला, तर तो म्हणाला, वस्तीतल्या दुसऱ्या कुणी चारलं असेल. त्याला रेड्याचं पोट फाडून हवं होतं, आतलं सोमल काढून पुढे धाडायला. मला त्यानं हाक मारली.

"ए, सुरी आण. फाड."

"फाडायचं नाही!" डॉक्टर ओरडला. एवढ्याशा छातीतून एवढा आवाज निघेल असं वाटलं नव्हतं. "या जनावराच्या रक्ताचा एक थेंबही जमिनीवर पडता कामा नये. मला फक्त कानाचा तुकडा हवा."

"मग कान काप," फौजदार मला म्हणाला.

मी उभा राहिलो, तसाच.

"बहिरा आहेस काय?"

"न्हाय. शपथ हाय."

मालक हसले. "बघा, बघा. भाऊ कोठडीत आहे, आणि ह्याची शपथ! अरे, कान काप, उद्या तुझा दादा घरी येईल."

दादानं सांगितलं होतं तसंच, शब्दाला शब्द. माझे पाय मातीत रुतले. आई बांधाच्या पलीकडे उभी होती. तिच्याकडे मी बघितलं नाही. बघितलं असतं तर काय केलं असतं, देव जाणे.

डॉक्टरनं माझ्याकडे एकदा बघितलं, मालकांकडे एकदा बघितलं. मग कोट काढला, बाह्या कोपराच्या वर दुमडल्या, आणि त्या मेल्या रेड्याच्या डोक्याशी गुडघे टेकून बसला. आपल्या हातानं कान धरला, कातरीनं टोक कापलं, जखमेवर फिनेलमध्ये भिजवलेला बोळा दाबला आणि वर पट्टी बांधली. जणू जिवंत जनावर आहे आणि त्याला दुखेल.  मालकांच्या तोंडातलं पान तसंच राहिलं. जानव्याचा माणूस मेल्या ढोराला शिवला आणि आभाळ कोसळलं नाही. मला आयुष्यात त्याच्याआधी असं काही दिसलं नव्हतं, आणि त्या आठवड्यातलं सगळ्यात मोठं नवल तर अजून पुढेच होतं.

चावडीच्या अंगणात उंडीच्या झाडापाशी मेज मांडलं. पेटीतून पितळेचं यंत्र निघालं. आम्ही म्हणालो, दुर्बीण. डॉक्टर म्हणाला, "दुर्बीण लांबचं जवळ आणते. हिचं काम वेगळं. असतं पण दिसत नाही, ते ही दाखवते. हिला उजेड लागतो, म्हणून अंगणात." काचेवर कानाचं रक्त पुसलं, विस्तवावरून फिरवलं, निळं औषध घातलं, धुतलं. मग मालकांच्या जित्या रेड्याच्या कानाला सुई टोचून त्याचंही रक्त दुसऱ्या काचेवर घेतलं. फौजदारानं वाकून दोन्ही बघितली.

"ह्या मेल्याच्या रक्तात काड्या काड्या आहेत. जित्याच्यात नाहीत."

"त्याच काड्यांनी रेडा मारला," डॉक्टर म्हणाला. "हा फाशी रोग. विष नव्हे."

फौजदार काही खुळा नव्हता. मिशीवरून हात फिरवून म्हणाला, "डॉक्टर, मेल्यावर अंगात किडे पडतातच. सोमलानं मेला, मग ह्या काड्या आल्या, असं का नसेल? काड्यांनी मारलं कशावरून?"

मला वाटलं, आता हा चिडणार. पण डॉक्टर खूश झाला! खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "बरोबर विचारलंत. हेच विचारायला हवं."

"मग टोचा हे रक्त उंदराला. मरतो का बघू."

"मरेल. पण मग तुम्ही म्हणाल, रक्तात सोमल होतं, त्यानं मेला. म्हणाल ना?"

"म्हणेन."

"म्हणून आधी काडीला रक्तापासून वेगळं काढायचं. एकटं. तिच्याबरोबर सोमल तर सोडाच, रेड्याचा केसही नको. बटाटे मिळतील का इथं?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. विषाची चौकशी चाललेली आणि हा बटाटे मागतो.

बटाटे दुकानात मिळाले. ते उकडून द्या म्हणून मालकांच्या घरी निरोप गेला. आतून उत्तर आलं, आमच्या भांड्यात ढोराचा रोग नको. मी घरी जाऊन आईला सांगितलं. तिनं कोरं मडकं काढलं, बटाटे उकडले आणि मडकं डोक्यावर घेऊन चावडीपर्यंत आली. वाटेत बायका विचारत होत्या, कुणाकडे जेवण आहे? आई म्हणाली, "जेवन कसलं! मुंबैचा सायेब बटाट्यात रोग पेरनार हाय. पीक आलं की वाटा देते तुमाला."

मडकं कुणाच्या घरचं, हे डॉक्टरनं विचारलं नाही. सुरी दिव्याच्या ज्योतीत धरली, बटाटा कापला, फोड काचेच्या बशीत ठेवून वर दुसरी बशी झाकली. मग तारेचं टोक लाल होईपर्यंत तापवलं, निवू दिलं, कानाच्या रक्ताला टेकवलं आणि फोडीवर एक रेघ ओढली. बस. एवढंच. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर त्या रेघेवर पांढुरकं काही आलं होतं, सुकत आलेल्या सायीसारखं. जिथं तार फिरली तिथंच, बाजूला नाही. पेरलं तिथं उगवलं!

मी डॉक्टरच्या मागे उभा होतो.  आमच्या गावात रोग म्हणजे कुणाचा तरी कोप, कुणाची तरी करणी, कुणाचं तरी पाऊल. कोंबडं द्या, नारळ द्या, शिवेबाहेर सोडून या. आणि इथं तो रोग बशीत, बटाट्यावर, झाकणाखाली, भातरोपासारखा उगवून बसला होता.

डॉक्टरनं त्या सायीला तार टेकवून नव्या बटाट्यावर रेघ ओढली. त्यावर उगवलं ते घेऊन आणखी नव्या बटाट्यावर. आई रोज बटाटे उकडत होती. फौजदार वैतागला. "हे किती दिवस? एका बटाट्यावर भागत नाही का?"

"तुमच्या घरी दही लावतात ना?" डॉक्टरनं विचारलं. "दुधाच्या भांड्यात चिमूटभर मीठ टाका आणि त्यातलं चमचाभर दूध दुसऱ्या भांड्यात घाला, त्यातलं तिसऱ्यात. तिसऱ्या भांड्यात खारट लागेल?"

"नाही लागणार."

"आणि मिठाऐवजी विरजण घातलं तर?"

फौजदार थांबला. "तिसऱ्यातही दही लागेल. पहिल्यासारखंच."

"सोमल मिठासारखं आहे. वाटत गेलं की संपतं. रोग विरजणासारखा. वाटत गेला की संपत नाही, वाढतो. ह्या शेवटच्या बटाट्यापर्यंत रेड्याच्या रक्तातलं सोमल पोचूच शकत नाही. आता ह्यानं उंदीर मेला, तर मारणारा कोण?"

मी अडाणी माणूस, पण ते ऐकलं तेव्हा डोक्यात कुलूप उघडल्यासारखं झालं. माझा भाऊ निर्दोष आहे हे मला ठाऊक होतं, पण ते माझ्या छातीत होतं. छातीतलं फौजदाराला काय दाखवणार? ह्या माणसानं ते बटाट्यावर काढून ठेवलं. शपथ नाही, देव नाही, कुणाची ओळखपाळख नाही. कुणीही यावं, बघावं, उलटं विचारावं. जेवढं उलटं विचाराल तेवढं ते पक्कं होत होतं.

शेवटच्या बटाट्यावरची साय उकळून गार केलेल्या पाण्यात कालवून एका उंदराला टोचली. दुसऱ्याला कोऱ्या बटाट्याचा गर त्याच पाण्यात कालवून टोचला. सुई तशीच, उंदीर तसाच, खाणं तेच. फरक फक्त त्या सायीचा. पिंजऱ्यांपाशी फौजदारानं स्वतःचा शिपाई बसवला, कुणी काही घालू नये म्हणून. आई लांबून त्या उंदराकडे बघून म्हणाली, "तोबी कुनाचा तरी ल्योकच हाय." मग थोड्या वेळानं, "माजाबी हाय." आणि घरी गेली.

एक दिवस काही झालं नाही. दोन्ही गवत कुरतडत होते. मालक येऊन हसून गेले. मला अन्न गोड लागेना. उंदीर जगला तर दादा गेला, हे सरळ होतं. एक जीव मरावा म्हणून मी कधी देवाला हात जोडले नव्हते, तेव्हाही जोडले नाहीत. नुसता बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी तो उंदीर अंग चोरून कोपऱ्यात गेला, केस पिंजारले. त्याच्या पुढच्या सकाळी तो मेलेला होता. कोऱ्या बटाट्याचा उंदीर शेजारच्या पिंजऱ्यात पुढचे पाय वर करून तोंड पुसत होता.

डॉक्टरनं मेलेला उंदीर ताटलीत घेऊन त्याच्या रक्ताची काच केली. यंत्राखाली ठेवली, आरसा फिरवून ऊन आत घेतलं. फौजदार पुढे झाला, मालक पुढे झाले. डॉक्टर म्हणाला, "थांबा." आणि माझ्याकडे बोट केलं. "आधी हा. ह्याचा भाऊ आत आहे."

"तो?" मालक म्हणाले.

"हो. ये रे. डोळा इथं लाव. हात लावू नकोस, श्वास रोखून बघ."

मी डोळा लावला. आधी नुसता उजेड, दुधासारखा. मग डॉक्टरनं एक चाक जरासं फिरवलं आणि तळातून वर यावं तसं ते वर आलं. निळं. आम्ही चिव्याच्या टोपल्या विणणारी माणसं. चिवा म्हणजे आमच्याकडचा बारीक बांबू. त्या चिव्याच्या कांड्या होत्या! पेराला पेर लागून, एकापुढे एक, कुठे दोन, कुठे लांबच लांब ओळ, टोकं सुरीनं कापल्यासारखी सरळ. कुणी कापल्या? कुणी मांडल्या? त्या एवढ्याशा उंदराच्या रक्ताच्या टिपक्यात चिव्याचं बन उभं होतं. मग डॉक्टरनं ती काच काढून रेड्याच्या कानाची काच घातली. तेच बन. त्याच कांड्या. रेड्यातून बटाट्यावर, बटाट्यावरून बटाट्यावर, तिथून उंदरात, आणि परत तेच रूप.

मला वाटलं, आपण एवढे दिवस आंधळे होतो. मी एकटा नव्हे. मालक, फौजदार, भटजी, माझा बाप, त्याचा बाप. सगळ्यांच्या डोळ्यांपुढे हे होतं आणि कुणाला दिसलं नव्हतं.

"काय दिसलं?" डॉक्टरनं विचारलं.

"चिव्याच्या कांड्या. दोन्हीकडं सारख्याच."

तो हसला. "पुस्तकात बांबू लिहिलंय. बरोबर सांगितलंस."

फौजदारानं सरळ डोळा लावला. बराच वेळ बघितलं. उठून बाजूला झाला. मग मालक आले. ते यंत्राशी वाकले, थबकले, आणि खांद्यावरचं उपरणं काढून जिथं माझा डोळा लागला होता ती पितळेची कड पुसायला गेले.

"पुसू नका!" डॉक्टर गरजला. "भिंगावर चरे पडतील. आहे तसं बघा, नाहीतर बघू नका."

मालक यंत्राकडे बघत राहिले. अख्खं गाव त्यांच्याकडे बघत होतं. रेडे त्यांचे मेले होते, ते कशानं मेले हे त्यांनाही बघायचं होतं, हे मी अजूनही मानतो. त्यांनी उपरणं खांद्यावर टाकलं आणि डोळा लावला. माझा लागला होता तिथंच.

उठल्यावर ते हळूच म्हणाले, "पण हा रोग आला कुठून?"

"रेडे काय खात होते?" डॉक्टरनं उलट विचारलं.

"पेंढा. आणि आळ्यातलं हिरवं गवत."

"कुठल्या आळ्यातलं?"

मालकांचा गडी मध्येच बोलून गेला, "कोपऱ्यातल्या माडाच्या. तिथलं जास्त वाढतं. तिथं ढवळा पुरलाय ना."

मग सगळं बाहेर आलं. बैल ओढायला कुणी नाही म्हटल्यावर मालकांनी विचार केला, माडाला खत तरी होईल. आमच्याकडे माडाच्या मुळाशी मासळीचा कुटा, म्हणजे चुरा, घालतात, मेलेलं कुत्रं-मांजर पुरतात. मग बैल का नको? उथळ खड्डा काढून त्यांनी तो माडाच्या बुंध्याशी पुरला. कोल्ह्यांनी उकरला, परत माती ओढली. डॉक्टर म्हणाला, ढवळाही ह्याच रोगानं गेला असणार, त्याच्या रक्तातल्या कांड्या मातीत गेल्या, आणि मातीत त्या बी होऊन झोपतात, वर्षानुवर्षं. गवताबरोबर वर आल्या.

मालक चिडले. "म्हणजे ह्यांचाच दोष! ह्यांनी ओढून नेला असता तर कशाला पुरला असता?"

डॉक्टर हात धूत होता. धुता धुता म्हणाला, "ओढून नेला असता तर ह्यांनी सोलला असता. हा रोग माणसालाही होतो. सोलणाऱ्याच्या हातावर पुळी येते, मध्ये कोळशासारखी काळी, दुखतसुद्धा नाही. अंग सुजतं आणि माणूस जातो. ते मांस खाल्लं असतं तर पूर्ण वस्ती गेली असती."

मी आईकडे बघितलं. तिनं पदर तोंडात धरला होता. माझा बाप तसाच गेला होता. एक गाय सोलून आला, दंडावर काळी पुळी उठली, दुखत नाही म्हणून हसत होता. गावानं सांगितलं होतं, देवीचा कोप. आईनं इतकी वर्षं त्या देवीला कोंबडं दिलं, माझ्या बापाच्या हातून काय चुकलं हे न कळता. काहीच चुकलं नव्हतं. त्यानं आपलं काम केलं होतं.

डॉक्टरनं ते आळं कुंपण घालून बंद करवलं. तिसरा रेडा त्यानं कान कापला त्याच दिवशी न फाडता खोल पुरायला लावला होता, वर कळीचा चुना. आता आधी पुरलेल्या दोन रेड्यांवरही चुना आणि वर हातभर माती. त्या दिवशी तिसऱ्या रेड्याला दोर बांधून मालक, त्यांचा गडी आणि फौजदाराचे शिपाई यांनीच तो ओढला होता. मी बांधावर उभा राहून बघितलं होतं. कुणी मला हाक मारली नव्हती.

जाताना डॉक्टरनं आईला मडकं परत दिलं, उकळत्या पाण्यानं धुऊन. आईनं ते कपाळाला लावलं. डॉक्टर लाजला. पुढे ती म्हणायची, ज्या बटाट्यानं माझा पोरगा सोडवला त्याला मी चावून कसं खाऊ? म्हणून तिनं बटाटा सोडला. मी तिच्यामागे सोडला. किळस म्हणून नव्हे.

फौजदारानं सोडलं तसा दादा खाडीच्या बांधावरून चालत आला. गालाची सूज उतरली होती. आईनं ताटात भात वाढला, बोंबलाचं कालवण वाढलं. त्यानं हात धुतला, पण घास घेण्याआधी माझ्याकडे बघितलं.

"हात लावलास?"

"न्हाय."

"मग कान कुनी कापला?"

"डाक्तरनं."

त्यानं घास घेतला. मी सांगायला लागलो: बटाटा, विरजण, उंदीर, निळ्या कांड्या, चिव्याचं बन, रेड्यात तेच, उंदरात तेच. हातवारे करून सांगत होतो. तो जेवत होता, मध्ये मध्ये हुं म्हणत होता. बापाची पुळी सांगितली तेव्हा त्याचा हात ताटातच राहिला.  मग मी मालकांचं उपरणं सांगितलं, आणि त्यानं मान वर केली.

"तुझ्यामागनं डोळा लावला?"

"व्हय."

"पुसल्याबिगर?"

"पुसल्याबिगर. डाक्तरनं पुसूच दिलं न्हाय."

दादा हसायला लागला. असा हसला की ठसका लागला, आईनं पाठीवर थापट्या मारल्या. "परत सांग," म्हणाला. मी परत सांगितलं. पुढे आयुष्यभर, कुणी पाहुणा आला की तो मला म्हणायचा, ती दुर्बिणीची गोष्ट सांग. मी कांड्यांपासून सुरुवात करायचो, आणि तो हातानं घाई करायचा, की उपरण्यापाशी ये, उपरण्यापाशी ये.

मी यायचो. पण सांगताना माझ्या उजव्या डोळ्यापुढे असायचं ते चिव्याचं बन, निळं, स्थिर, टिपक्याएवढ्या रक्तात उभं. दादाला ते कधी बघायला मिळालं नाही. त्याच्यासाठी ते मीच बघितलं.